वाचकांचे प्रश्न : भीती आणि भीड

या वेळी आलेल्या बऱ्याच पत्रांचा विषय एकच आहे. युद्धात निःशस्त्र माणसांना मारण्याचा किंवा छळण्याचा हुकूम सुटतो, तेव्हा साधे सैनिक तो पाळतात कसे, असे वाचकांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारले आहे. म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. पत्रे लांब होती, त्यामुळे त्यांतील प्रश्नाचा भाग तेवढा येथे घेतला आहे.

प्रश्न : मी महाविद्यालयात इतिहास शिकवते. दुसऱ्या महायुद्धातील हत्याकांडांचा भाग आला की विद्यार्थी हमखास विचारतात, की ही माणसे मुळातच क्रूर होती का? मी ‘नाही’ म्हणते, पण ‘मग का केले?’ या पुढच्या प्रश्नापाशी अडखळते.

उत्तर : आपले ‘नाही’ बरोबर आहे. पुढच्या प्रश्नासाठी एका पहाटेची हकिकत सांगतो. तिच्याविषयी आपल्याला इतके तपशिलात माहीत आहे, याचे कारण त्या दिवशी हजर असलेल्या शेकडो माणसांच्या जबान्या पुढे १९६०च्या दशकात हाम्बुर्गच्या सरकारी वकिलांनी नोंदवून घेतल्या.

१३ जुलै १९४२ रोजी जर्मन राखीव पोलिसांची १०१ क्रमांकाची बटालियन पोलंडमधील युझेफूव्ह या गावाबाहेर ट्रकमधून उतरली. सुमारे ५०० माणसे होती. बहुतेक जण हाम्बुर्ग शहरातले, चाळिशीच्या आसपासचे, बायकामुले असलेले होते. कोणी गोदीत काम केलेले, कोणी ट्रक चालवणारे, कोणी कारकून. आघाडीवर लढण्याच्या दृष्टीने वय उलटून गेले म्हणूनच त्यांना राखीव पोलिसांत घेतले होते. नाझी सत्तेवर येण्याआधीच ही माणसे वाढली होती, म्हणजे शाळेपासून विष पाजलेली ही पिढी नव्हे. त्यांचा प्रमुख मेजर विल्हेल्म ट्राप हा पन्नाशी ओलांडलेला अधिकारी होता आणि माणसे त्याला आपसांत ‘पापा ट्राप’ म्हणत. त्याने सर्वांना अर्धवर्तुळात उभे केले. त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि डोळ्यांत पाणी होते, असे अनेकांनी नंतर सांगितले. आपल्याला हे काम मुळीच पसंत नाही, पण हुकूम अगदी वरून आला आहे, असे म्हणून त्याने काम काय ते सांगितले. गावातील ज्यूंपैकी कामाला उपयोगी पडणारे पुरुष वेगळे काढायचे आणि उरलेल्या स्त्रिया, मुले व वृद्ध यांना गोळ्या घालायच्या. त्यानंतर तो जे बोलला त्यामुळे हा प्रसंग सगळ्या अभ्यासकांच्या लक्षात राहिला आहे. वयस्क माणसांपैकी ज्यांना हे झेपणार नाही असे वाटते, त्यांनी बाहेर यावे, असे तो म्हणाला.

पाचशेपैकी जेमतेम डझनभर माणसे बाहेर आली. दिवस चढला तसे आणखी काही जण गळले. कोणी आजारी असल्याचे सांगितले, कोणी बाजारचौकात रेंगाळत राहिले, कोणी चार-पाच जणांना मारल्यावर ‘आता नको’ म्हणून बाजूला झाले. तरीही अभ्यासकांच्या अंदाजाने शंभरातले ऐंशी जण काम संपेपर्यंत गोळ्या झाडत राहिले. संध्याकाळपर्यंत सुमारे १,५०० माणसे जंगलात मारली गेली. रात्री बराकीत कोणाला जेवण गेले नाही, पुष्कळांनी दारू ढोसली, आणि या दिवसाविषयी कोणी बोलायचे नाही असे जणू न ठरवता ठरले.

आता आपल्या विद्यार्थ्यांना विचारावे, की येथे भीती कोठे होती? मेजरने स्वतःच वाट मोकळी करून दिली होती. जी गोष्ट होती तिला मराठीत फार नेमका शब्द आहे, तो म्हणजे ‘भीड’. आपण बाहेर पडलो तर हे घाण काम शेजारच्याच्या वाट्याला येणार, तो आपल्याला काय म्हणेल, आपण कच खाल्ली असे होईल, उद्यापासून परक्या मुलखात ज्यांच्याबरोबर खायचे-झोपायचे त्यांच्यात आपण एकटे पडू, ही ती भीड. जबान्यांत हेच पुनःपुन्हा येते. समोरच्या स्त्रिया आणि मुले ‘परकी’ ठरलेली होती आणि शेजारचा सोबती ‘आपला’ होता. म्हणून त्याच्या नजरेचे वजन त्या मुलांच्या प्राणांपेक्षा जास्त भरले. ज्यूद्वेषाच्या प्रचाराचे कामही तेवढेच होते, असे माझे मत आहे. प्रत्येकाच्या मनात आग पेटवण्याची त्याला गरज नव्हती, मरणाऱ्या माणसांना गणतीतून वगळले की पुरे होते.

स्वतःची समजूत घालायला मन काय काय शोधून काढते, याचा एक तपशील याच जबान्यांत आहे आणि तो वाचल्यापासून माझ्या मनातून गेलेला नाही. धातूकाम करणाऱ्या एका पस्तीस वर्षांच्या माणसाने सांगितले, की आपण फक्त मुलांवर गोळ्या झाडल्या. शेजारचा आयांना मारत होता आणि आईविना मूल तसेही जगू शकत नाही, असे त्याने मनाशी म्हटले होते. तो हे लपवण्यासाठी सांगत नव्हता; वीस वर्षांनंतरही त्याला ते काहीसे दयेचे कृत्य वाटत होते.

प्रश्न : माझा मुलगा सैन्यात आहे. घरात सुरक्षित बसून सैनिकाला दोष देणे सोपे असते. हुकूम मोडला तर त्यालाच गोळी घालतात. मग त्याच्यापुढे दुसरा मार्ग तो काय?

उत्तर : आपल्या प्रश्नामागची काळजी मला समजते, आणि सुरक्षित जागी बसून निवाडा करणे सोपे असते हे म्हणणेही खरे आहे. म्हणूनच येथे तर्क बाजूला ठेवून नोंदी काय सांगतात ते पाहू.

युद्धानंतर जर्मनीत चाललेल्या खटल्यांत ‘नकार दिला असता तर आम्हालाच मारले असते’ हा बचाव शेकडो वेळा मांडला गेला. बचाव पक्षांच्या वकिलांना दशकानुदशके एकच गोष्ट करायची होती, ती म्हणजे निःशस्त्र नागरिकांना मारण्यास नकार दिल्याबद्दल ज्याला देहदंड झाला अशा एका तरी माणसाचा सिद्ध दाखला आणणे. तो त्यांना आणता आला नाही. नकार देणाऱ्यांची बदली झाली, बढती रोखली गेली, त्यांना शिव्या बसल्या, शौचकूप साफ करण्यासारखी कामे मिळाली. सैन्यातून पळून जाणाऱ्यांना त्याच राजवटीने हजारोंनी गोळ्या घातल्या हेही खरे आहे. पण ती शिक्षा पळणाऱ्याला होती. ‘हे काम माझ्याने होणार नाही’ असे म्हणणाऱ्याला ती झाली नाही.

प्रत्येक ठिकाणी असेच असते, असा दावा मी करणार नाही. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातील स्रेब्रेनित्सा हे शहर बोस्नियन सर्ब सैन्याच्या हाती पडल्यानंतर त्या सैन्यातील द्राझेन एर्देमोविच हा तेवीस वर्षांचा सैनिक आपल्या तुकडीबरोबर पिलित्सा गावाजवळच्या एका शेतावर गेला. बसमधून आणलेल्या बोस्नियाक (बोस्नियन मुस्लिम) पुरुषांना दहा-दहाच्या गटांत उभे करून गोळ्या घालायच्या होत्या. आपण नकार दिला, तेव्हा ‘कीव येत असेल तर त्यांच्याच रांगेत जाऊन उभा राहा’ असे उत्तर मिळाले, अशी त्याची साक्ष आहे. घरी बायको आणि तान्हे मूल होते. त्याने गोळ्या झाडल्या. त्या शेतावर सुमारे १,२०० माणसे मारली गेली. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे त्याने स्वतःहून गुन्हा कबूल केला. जिवाची धमकी असली तरी निरपराध माणसांची हत्या माफ होत नाही, फक्त शिक्षा कमी होऊ शकते, असे अपिलात बहुमताने ठरले आणि दहा वर्षांची शिक्षा १९९८ मध्ये पाच वर्षांवर आली. न्यायाधीशांतही मतभेद होते, यावरून पेच किती अवघड होता ते दिसते.

परंतु त्याच दिवसाचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. शेतावरचे काम संपल्यावर एका लेफ्टनंट कर्नलने सांगितले, की गावातील सभागृहात आणखी सुमारे ५०० जण कोंडले आहेत, तेथेही चला. एर्देमोविच ‘नाही’ म्हणाला. या वेळी त्याच्या तुकडीतील आणखी काही जणही त्याच्या बाजूने बोलले आणि त्यांना कोणी हात लावला नाही. ते काम दुसऱ्या गावाहून आलेल्या माणसांनी केले आणि सभागृहातले लोक वाचले नाहीत. तरीही सकाळी अशक्य असलेला नकार दुपारी शक्य झाला. मधल्या काळात ना हुकूम बदलला होता ना बंदुका. फरक एवढाच, की सकाळी तो एकटा होता.

नकाराची किंमत मोजावी लागत नाही, असे मात्र मी आपल्याला सांगणार नाही. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात गढवाल रायफल्सच्या जवानांनी चंद्रसिंह गढवाली यांच्या नेतृत्वाखाली निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडण्यास नकार दिला. तो प्रसंग युद्धातला नव्हता, पण हुकूम आणि गणवेश तेच होते. चंद्रसिंहांना जन्मठेप झाली आणि १९४१ पर्यंत ते तुरुंगात होते. आपला मुलगा रोज ज्या शिस्तीत राहतो ती शिस्त मला तुच्छ वाटत नाही. गोळीबाराखाली एकमेकांवर भरवसा ठेवूनच माणसे जिवंत परततात, आणि त्या भरवशाचा गैरवापर करणारा वरिष्ठ हा पहिला गुन्हेगार असतो.

प्रश्न : विजेचे झटके देण्याच्या प्रयोगाबद्दल वाचले. शंभरातले पासष्ट लोक हुकूम मिळाला की काहीही करतील, हे त्यातून सिद्ध झाले आहे ना?

उत्तर : इतके सरळ नाही. स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९६१ मध्ये येल विद्यापीठात केलेल्या प्रयोगाच्या एका मांडणीत प्रयोग घेणाऱ्याच्या सांगण्यावरून ४० पैकी २६ जणांनी पलीकडच्या खोलीतील माणसाला, त्याचे उत्तर चुकले की, ४५० व्होल्टपर्यंतचे झटके देण्याची कळ दाबली. झटके खोटे होते, पण कळ दाबणाऱ्यांना तसे सांगितले नव्हते. हाच पासष्ट टक्क्यांचा आकडा सगळीकडे फिरतो. त्यांपैकी काहींना संशय आला असावा आणि प्रयोग घेणारा ठरलेल्या वाक्यांपलीकडे जाऊन आग्रह करत होता, हे आक्षेपही रास्त आहेत.

माझ्या मते त्या प्रयोगाच्या बदललेल्या मांडण्या अधिक बोलक्या आहेत. कळ दुसरा माणूस दाबणार आणि आपण फक्त प्रश्न वाचायचे, असे केले तेव्हा ४० पैकी ३७ जण शेवटपर्यंत सहभागी राहिले. याउलट शेजारी बसलेल्या दोघांनी आधी उठून नकार दिला, तेव्हा ४० पैकी फक्त चौघे शेवटापर्यंत गेले. युझेफूव्ह आणि पिलित्सा येथे घडले तेच येथे खोलीच्या चार भिंतींत दिसते. काम वाटून टाकले की प्रत्येकाला आपला वाटा किरकोळ वाटतो. वर उल्लेखिलेल्या बटालियननेही पुढे हेच केले. वस्त्या घेरणे आणि माणसांना गाड्यांत कोंबणे एवढेच काम तिच्याकडे असले की तक्रार जवळजवळ ऐकू येईनाशी झाली, आणि ट्रेब्लिंका येथील मृत्युछावणीत पाठवलेल्या हजारो माणसांना आपण मारले असे त्यांतील बहुतेकांना वाटतही नव्हते.

प्रश्न : माणूस एका दिवसात असा बदलत नसणार. त्याला तिथवर नेतात कसे?

उत्तर : पायरीपायरीने, आणि बहुधा आधी त्यालाच तुडवून. ग्रीसमध्ये १९६७ ते १९७४ या लष्करी राजवटीत लष्करी पोलिसांतील काही कोवळ्या सैनिकांना कैद्यांचा छळ करण्यासाठी तयार केले गेले. पुढे त्यांच्यावर खटले चालले आणि त्यांच्या मुलाखतींवरून त्या तयारीचा क्रम कळला. प्रशिक्षणात आधी त्यांनाच मारहाण आणि अपमान सोसावा लागे. मग कैद्यांना जेवण नेऊन द्यायचे आणि जाता-येता एखादा फटका मारायचा. त्यानंतर छळाच्या खोलीत पहारेकरी म्हणून नुसते उभे राहायचे. मग सर्वांबरोबर मारहाणीत हात घालायचा. शेवटी काम एकट्यावर सोपवायचे. यांपैकी कोणतीही पायरी आधीच्या पायरीहून फार उंच नसते, आणि तिच्यावर नकार द्यायचा तर कालपर्यंत आपण काय केले याचे उत्तर द्यावे लागते. पुष्कळ जण पुढे जातात ते मागच्या पायरीची लाज झाकण्यासाठी.

त्यात वरून मोकळीक मिळाली की उरलासुरला अडसर निघतो. जर्मन सैनिकाच्या खिशातील ओळखपुस्तिकेत नागरिकांना धक्का लावू नये, असा नियम छापलेला असे. पण १३ मे १९४१च्या फर्मानाने, सोव्हिएत भूमीवर नागरिकांविरुद्ध केलेल्या गुन्ह्यांबद्दल सैनिकावर खटला भरण्याचे बंधन काढून टाकले. खिशातला नियम तसाच राहिला आणि वरिष्ठांना काय हवे आहे ते सर्वांना कळले.

व्हिएतनाममधील ‘मी लाई’ या गावात १६ मार्च १९६८ रोजी जे झाले त्यात सूडाची भर होती. आधीच्या आठवड्यांत अमेरिकी सैन्याच्या एका तुकडीतील (कंपनीतील) सोबती सुरुंगांनी मेले होते, पांगळे झाले होते, आणि शत्रू डोळ्यांना कधी दिसला नव्हता. व्हिएतनामी नोंदीप्रमाणे ५०४ गावकरी मारले गेले. एक तरुण सैनिक रडत रडत गोळ्या झाडत होता, अशी साक्ष आहे. कंपनीतील काहींनी गोळ्या झाडल्या नाहीत, पण त्यांनी कोणाला थांबवलेही नाही. थांबवले ते वरून हेलिकॉप्टरमधून पाहणाऱ्या ह्यू थॉम्प्सन यांनी. त्यांनी हेलिकॉप्टर गावकरी आणि सैनिक यांच्या मध्ये उतरवले आणि सैनिकांनी या लोकांवर गोळ्या झाडल्या तर त्यांच्यावर बंदूक चालवा, असे आपल्या दोघा सहकाऱ्यांना सांगितले. थॉम्प्सन धैर्यवान होतेच. पण ते त्या कंपनीचे नव्हते, त्या माणसांची भीड त्यांच्या मानेवर बसलेली नव्हती, हेही मला महत्त्वाचे वाटते. सरकारने त्यांना ‘सोल्जर्स मेडल’ हे पदक दिले ते १९९८ मध्ये, तीस वर्षांनी.

प्रश्न : कायदा तर सांगतो की बेकायदा हुकूम पाळू नये. मग त्याचा उपयोग काय?

उत्तर : नाझी नेत्यांवरील खटल्यांसाठी केलेल्या १९४५च्या न्यूरेंबर्ग सनदेपासून ‘वरून हुकूम होता’ हा पूर्ण बचाव राहिलेला नाही, आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापन करणाऱ्या १९९८च्या रोम करारानेही उघडपणे बेकायदा असलेल्या हुकमाला संरक्षण नाकारले आहे. अडचण अशी, की कायदा सैनिकाला गाठतो तो घटनेनंतर कित्येक वर्षांनी, आणि लेफ्टनंट गाठतो त्याच क्षणी.

२९ ऑक्टोबर १९५६ रोजी इस्राएलच्या सीमा पोलिसांच्या एका बटालियनला अनेक अरब गावांत संध्याकाळी पाचपासून संचारबंदी लावून ती मोडणाऱ्यांवर गोळ्या झाडण्याचा हुकूम मिळाला. वेळ आयत्या वेळी ठरली होती आणि शेतांतून, कामांवरून परतणाऱ्यांना तिची कल्पना नव्हती. कफ्र कासिम गावाच्या वेशीवर परतणारे सुमारे ५० लोक मारले गेले. त्यांत स्त्रिया आणि मुलेही होती. बटालियन आणि संध्याकाळ तीच असताना इतर गावांतील पलटणींच्या प्रमुखांनी मात्र उशिरा आलेल्या लोकांना घरी जाऊ दिले. खटल्याच्या १९५८च्या निकालात न्यायाधीश बिन्यामिन हालेवी यांनी म्हटले, की अशा हुकमावर धोक्याचा काळा झेंडा फडकत असतो आणि तो कोणालाही दिसावा. निकाल मोलाचा आहे. पण दोषी ठरलेले सर्व जण १९६० पर्यंत सुटले, आणि बटालियनच्या वरच्या ब्रिगेडच्या प्रमुखाला केवळ नाममात्र दंड झाला. गावागावांतील तो फरक पाहता, कायदा शिकवायचा तर सर्वांत आधी पलटणीच्या प्रमुखाला शिकवावा, आणि तोंडी पाठ करून न घेता ‘हे मी करणार नाही’ या वाक्याचा कवायतीसारखा सराव करून घ्यावा, असे मला वाटते. जी गोष्ट तोंडातून एकदाही निघालेली नाही ती बाका प्रसंग आल्यावर सुचत नाही.

प्रश्न : ही सर्व कारणे सांगणे म्हणजे माफ करणे नव्हे का? आणि खरे सांगा, आपण स्वतः त्या रांगेत असता तर?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. उलट, वाट मोकळी होती हे कळल्यावर जबाबदारी वाढते. दुसऱ्याचे उत्तर माझ्यापाशी नाही, आणि ‘मी नक्की बाहेर पडलो असतो’ असे म्हणणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

बाहेर पडलेल्यांविषयी मात्र थोडे सांगता येते. युझेफूव्हला गेलेल्या १०१ क्रमांकाच्या बटालियनमधील एका लेफ्टनंटने आदल्या रात्रीच आपण यात भाग घेणार नाही असे कळवून दुसरे काम मागून घेतले. पुढे कारण देताना तो म्हणाला, की घरी माझा चांगला धंदा होता, बढतीची मला गरज नव्हती. इतरांनी बहुधा ‘मी कमकुवत आहे, मला हे जमणार नाही’ एवढेच सांगितले. हे चूक आहे, असे क्वचितच कोणी म्हणाले, कारण तसे म्हणणे म्हणजे उरलेल्या सर्वांना खुनी म्हणणे होते.

मेजर ट्रापने बाहेर येण्यास सांगितले, तेव्हा क्षणभर कोणीच हलले नाही. मग तिसऱ्या कंपनीतील एक जण पुढे आला. आपल्या कंपनीचा माणूस पहिला निघाला म्हणून त्याचा कॅप्टन संतापून त्याच्यावर ओरडू लागला. मेजरने कॅप्टनला गप्प केले आणि त्या माणसाला पाठीशी घातले. त्यानंतर आणखी दहा-बारा जण रांग सोडून आले. त्यांना रायफली जमा करायला सांगितले आणि दुसरे काम मिळेपर्यंत बाजूला उभे केले.